कोबा सुकेपर्यंत

आत्या,

काल इथे एका बंगल्यात ओल बघायला जमिनीला चिकटवलेलं प्लास्टिक उचललं. कोरडं निघालं. इथल्या हवेत दुसरं काय निघणार? बरोबरचा माणूस म्हणाला, चल, फळ्यांची खोकी फोडूया. मी ते प्लास्टिक हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिलो, उलटसुलट करून बघत. त्याला वाटलं, मला कुठे ओल दिसली. मला तुझा पदर दिसत होता.

तुला जाऊन महिना उलटून गेला. मी मस्कतला परत आलोय. खोलीत चार जण आहेत, तिघे शिफ्टला गेलेत, म्हणून लिहायला बसलोय. सातवीतून शाळा सोडलेला मी, एवढं लांब कधी लिहिलेलं नाही. तुला तर वाचता येत नव्हतं. म्हणजे हे कोण वाचणार, मलाही माहीत नाही. पण आपलं बोलणं अर्ध्यात राहिलंय आणि फोन आता तू उचलणार नाहीस.

आपल्या घराच्या जमिनीवरून सगळं सुरू झालं. पेणपासून खाडीकडे उतरलं की शेवटची आळी, तिथलं शेवटचं घर. जुनी शहाबादी फरशी होती, दोन फरश्यांच्या मधून मुंग्या वर यायच्या. दारातली एक फरशी डुगडुगायची. ती बसवून देतो म्हटलं तर तू बसवू द्यायची नाहीस. कोण आलं ते तुला त्या आवाजावरून कळायचं. "जनी आली," म्हणायचीस चुलीकडे तोंड ठेवूनच, आणि खरंच शेजारची जनाकाकी आत यायची. माझ्या पावलाचा आवाज तर तू अर्ध्या आळीवरून ओळखायचीस असं तुझं म्हणणं. मी ते कधी मानलं नाही, पण दारात पोचायच्या आत तू हाक मारायचीस हे खरं.

इथे आल्यावर मी लाकडाच्या जमिनी बसवायला शिकलो. दुसऱ्यांच्या घरात. रोज संध्याकाळी काम संपलं की बूट काढून एकदा अनवाणी चालून बघतो, कुठे फळी वाजते का, कुठे पोकळ लागते का. प्रत्येक वेळी एकच विचार यायचा. तू जन्मभर मिठागरात ओल्यात उभी राहिलीस. आईबाप गेलेलं भावाचं पोर पदरात घेऊन उभी राहिलीस. म्हातारपणी तरी तुझे पाय कोरड्या, उबदार लाकडावर पडावेत. एवढंच माझ्या मनात होतं. त्यात चूक कुठे शिरली ते शोधत मी इथवर आलोय.

मागच्या सुट्टीला मी बॅगेत सहा तुकडे घेऊन आलो. वीतभर लांबीचे, कंपनीचे नमुने. तू ते पाटासारखे ओळीने मांडलेस.

"ह्याचा नाव काय?"

"इंजिनिअर्ड लाकूड."

"इंजिनेरानं केला काय? मग तुझा काय काम?"

मी तुला कड दाखवली. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली आडव्याउभ्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवलेल्या. तुझा चेहरा पडला. "म्हंजे मुलामा हाय. वर लाकूड न् पोटात प्लायवूड. पोरा, दुबई-मस्कत करून तू मना फसवाला आलास?" मी समजावत बसलो, की अख्ख्या लाकडाची फळी आपल्या हवेत पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते, दोन वर्षांत वाकडी होते. ह्यात एक थर उभा, एक आडवा. एक फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. तू म्हणालीस, "मंग भावकीपेक्षा बरी हाय." जनाकाकी इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला, आणि तिथेच तू एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणालीस, "बघू, ह्याच्यावर सांड."

मग तू परीक्षा घेतलीस. आत्या, मी आजवर कितीतरी लोकांना लाकूड निवडताना बघितलं. रंग बघतात, सोफ्याला शोभेल का बघतात, फोन काढून बायकोला विचारतात. तुझ्यासारखी निवड कोणी केली नाही. तू घमेल्यात पाणी घेतलंस, त्यात दोन ओंजळी मीठ टाकलंस, हाताने ढवळून जिभेला लावून बघितलंस, म्हणालीस, "आता खाडी झाली." आणि सहाही तुकडे त्यात घालून वर वरवंटा ठेवलास. मी ओरडलो, अगं कंपनीचे नमुने आहेत, परत द्यायचेत! "कंपनीला सांग, आत्यानं ठेवून घेतले."

दोन दिवसांनी वरवंटा काढला. तीन तुकडे चहात बुडवलेल्या पावासारखे फुगले होते. त्यांच्या पोटात पट्ट्या नव्हत्या, लाकडाचा भुसा दाबून भरलेला होता. दोघांची वरची साल कडेने उचलली, फारच पातळ होती. एकच तुकडा जसाच्या तसा होता, कडेला जरा काळवंडला तेवढाच. पोटात प्लायवूडचे थर, वर ओकच्या लाकडाचा जाड थर. तू तो पुसलास, जमिनीवर ठेवलास, त्यावर उभी राहिलीस. डोळे मिटलेस.

"ह्याला चकाकी नाय."

"चकाकी हवी असेल तर तसाही मिळतो."

"नको. चकाकतं त्यावर पाय सटकतो. ह्याच्या रेघा पायाला लागतात. यो पाय धरतो." मग डोळे उघडून म्हणालीस, "योच."

कंपनीतला इंजिनिअर जे दहा मिनिटं बोलून सांगतो ते तू मिठाच्या पाण्यात आणि टाचेखाली ओळखलंस. मला फार अभिमान वाटला तेव्हा. बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

मला ह्या कामाला लावलं ते तूच. सातवीत वर्ष गेलं, मी परत शाळेत जायला तयार नव्हतो. वर्गात नुसतं नाव पुकारलं तरी मी खाली मान घालायचो. तू मारलं नाहीस, रडलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी पेणहून गाडीत बसवून मला रोह्याला नेलंस, नारायण मिस्त्रीकडे. तो फरशीकामातला नावाजलेला माणूस. त्याने विचारलं, पोराला काय येतं? तू म्हणालीस, "हात मंग बघा. आधी पाय बघा त्याचे." आणि त्याच्या अंगणात मला चपला काढून चालायला लावलंस. "सांग दिन्या, उतार कुठं हाय?" मी चार पावलं टाकून सांगितलं, तुळशीकडे. मिस्त्रीने पाण्याची नळी लावून पातळी बघितली. तुळशीकडेच निघाला.

ते मी तुझ्याकडूनच तर शिकलो होतो. मिठागराचे वाफे तुडवताना तू मला पुढे घालायचीस. चिखल पायाने दाबत दाबत जायचं, अख्खा वाफा ताटासारखा सपाट करायचा, मग त्यावर बोटभर पाणी सोडायचं. "पानी आधी कुठून सरतं बघ. तिथं उंच हाय. पुन्ना तुडव." शाळेत मला एक गणित सुटलं नाही, पण वाफ्यातला उंचवटा मी तुझ्याआधी दाखवायचो, आणि तू आजूबाजूच्या बायकांना हाक मारून सांगायचीस, "बघा गो, माझा पोर बघा!" आयुष्यात माझं कौतुक मोठ्याने झालं ते तेवढंच. त्यावरच मी आजवर पोट भरतोय.

तर त्या सुट्टीत मी आणि नारायण मिस्त्रीने घर उकरलं. मिस्त्री आता थकलाय, पण तुझं काम म्हटल्यावर रोह्याहून रोज यायचा. शहाबादी काढली, खालचा भराव जरा सारखा केला, वर सिमेंटचा कोबा घातला. दारातली डुगडुगणारी फरशी उचलताना तू मागे उभी होतीस. म्हणालीस, "हिला अंगनात ठेवा. फेकू नका."

कोबा सुकायला वेळ लागतो. माझी सुट्टी संपत आली होती. कंपनी दोन वर्षांतून एकदाच सोडते, मधे एक लहान सुट्टी मागून मिळाली तर मिळते. मी ठरवलं, ती लहान सुट्टी राखून ठेवायची, कोबा पुरता सुकला की यायचं, आठ दिवसांत जमीन बसवायची, आणि तुला त्यावरून चालताना बघून जायचं. लाकडाची खोकी पनवेलच्या दुकानातून आधीच मागवून ठेवली, कारण लाकडाला घराची हवा लागावी लागते. जाताना तुला दहादा बजावलं. खोकी आडवी ठेव. ओल्या जमिनीवर ठेवू नको. भिंतीला टेकवू नको. तू मान डोलावलीस. मिस्त्री म्हणाला, "दिन्या, मी सांगतो तसं कर. चांगलं जाड प्लास्टिक अंथर, वर फळ्या लाव आणि मोकळा हो. पंधरा वर्षं टिकली तरी म्हातारीला पुरे."

"म्हातारी कोनाला बोलतंस रे?" तू आतून.

मी ऐकलं नाही. लोकांच्या घरात मी जाड प्लास्टिक अंथरून फळ्या लावल्यात, आणि रात्री शांत झोपलोय. तुझ्या घरात मला तेवढ्याने भागत नव्हतं. मला वाटायचं, आपण इकडे असणार, तिकडे एक फळी उचलली, तिला ठेच लागली, तर? माझा स्वभावच असा. गॅस बंद केला तरी दोनदा परत जाऊन बघतो. सगळं पक्कं झाल्याशिवाय मला पाऊल टाकवत नाही. हे तुला माहीत होतं, आणि तू त्याला हसायचीस. "दिन्या सरणावर पन आधी पाय टेकून बघल," असं म्हणायचीस.

फोनवर तुला ओल बघायची युक्ती सांगितली. हातभर प्लास्टिक घे, चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटव, दोन दिवस ठेव. उचलून आतून बघ. थेंब असतील तर खाली ओल आहे. तुला फार मजा वाटली. पहिल्यांदा सांगितलंस, "थेंब हायेत." मी म्हटलं, थांबू. पुढल्या महिन्यात, "हायेत." थांबू. पावसाळा आला, पावसाळ्यात बघायचंच नाही म्हटलं. दिवाळीला, "हायेत रे, पन लहान लहान." थांबू. पुढल्या कडक उन्हाळ्यात तरी जातील असं मला वाटत होतं, तेव्हाही होते.

त्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. घर उकरताना मिस्त्रीने विचारलं होतं, भराव कसला हाय? तू म्हणालीस, "आगरातली माती. ह्याच्या आज्यानं टोपल्या वाहून टाकली." मिस्त्री रोह्याच्या भातशेतीतला माणूस, त्याला काही वाटलं नाही. पण मी खाडीवरचा. मिठागराच्या मातीत मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, हे मला सातवीच्या पुस्तकावाचून ठाऊक होतं. आषाढात उघडं राहिलेलं मीठ वाटीत पाणी होऊन बसतं हे रोज बघत मोठा झालो. ती माती उपसायला हवी होती, निदान कोब्याखाली प्लास्टिक घालायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. मी तेव्हा ओकचा कुठला रंग चांगला दिसेल ह्यात होतो. ती जमीन कधीच सुकणार नव्हती, आत्या. शंभर वर्षं थांबलो असतो तरी तुझ्या प्लास्टिकला थेंब आलेच असते. मी माझी सुट्टी जपून ठेवत होतो, आणि ती खर्चायचा दिवस कधी येणारच नव्हता.

तू मधे एकदा म्हणालीस, "टाइल लाव ना मंग. जनीच्या घरी एका दिवसात झाली." मी चिडलो. टाइल गार असते, तुझे गुडघे बघ, तूच तर निवडलंस लाकूड, आता अशी काय करतेस. तू म्हणालीस, "बरं. तू येशील तवा लाव." आता वाटतं, ह्या वाक्यात तुला 'लाव' महत्त्वाचं नव्हतं.

माघ सरता सरता तुझा फोन आला. जनाकाकीच्या फोनवरून, नेहमीसारखा. आवाज बसलेला होता. खोकत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, थंडी हाय, जाईल.

"दिन्या, सुका हाय. ये."

"काय?"

"प्लास्टिक. सुका निघाला. एक थेंब नाय. ये तू आता."

मला आनंद व्हायला हवा होता. मी महिने मोजायला लागलो. कडक उन्हाळ्यात थेंब होते, थंडीत कसा सुकला? मी म्हटलं, काकीच्या सुनेला सांगून फोटो पाठव. तू म्हणालीस, फोटो कशाला, मी सांगते ना. मी म्हटलं, पाठव. फोटो आला. मी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला. प्लास्टिकवर गोल गोल फराटे होते, कापडाने पुसल्यावर उठतात तसे. आणि त्याच्या खालचा कोब्याचा चौकोन बाजूच्या कोब्यापेक्षा काळा.

मी लगेच फोन लावला.

"आत्या, पुसलंस ना?"

"नाय."

"खरं सांग."

"नाय पुसला. सुका हाय म्हंते ना मी. ये."

"मी हे काम करतो गं! मला कळत नाही काय? पदराने पुसलंस तू. अशी खोटं बोलशील तर माझी सुट्टी फुकट जाईल, फळ्या फुकट जातील, सगळं उचलून फेकावं लागेल. लहान पोरासारखं काय चाललंय तुझं?"

मागे काकीच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग म्हणालीस, "तू कामाचा मानूस झालास रे," आणि फोन काकीकडे दिलास. रागाने म्हणालीस की कौतुकाने, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी हजार वेळा तो सूर आठवून बघितला. कधी असा ऐकू येतो, कधी तसा.

पाच दिवस मी फोन केला नाही. मीही फुरंगटून बसलो होतो. म्हटलं, कळू दे तिला. सहाव्या दिवशी जनाकाकीचा फोन आला आणि काकी नुसती रडत होती.

मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. दारात पाऊल टाकलं. काही वाजलं नाही. कोब्यावर पावलाचा आवाज होत नाही. मी आत आल्याचं घरात कोणाला कळलं नाही.

खोकी खाटेवर होती. सोळाच्या सोळा, आडवी, एकावर एक नीट रचलेली, वर तुझी गोधडी घातलेली. मी काकीला विचारलं, आत्या कुठे झोपायची? काकीने खाटेच्या बाजूची जमीन दाखवली. चटई होती, एक जुनं लुगडं घडी करून.

"मी बोललेले तिला, गो हिरे, खोकी खाली ठेव न् तू वर झोप. मना बोलली, ओलीवर ठेवू नको असा पोर बोललाय. खराब झाली तर त्याला परत पैल्यापासून कराला लागल, मंग तो अजून लांब जाईल."

"कधीपासून?"

"तू मस्कतला जेलास तवापासून."

दोन पावसाळे, आत्या. फोनवर मी विचारायचो, खोकी कशी आहेत? तू म्हणायचीस, मजेत हायेत. तू कशी आहेस हे त्यानंतर विचारायचो.

डॉक्टरांनी छातीत कफ सांगितला, वय सांगितलं. काकी म्हणाली, तिची वेळ आली होती, तू मनाला लावून घेऊ नको. आणि मग तिनेच, काही वाईट मनात न ठेवता, सांगितलं. आपल्यात माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उचलून खाली जमिनीवर घेतात. "तुझ्या आत्याला खाली घ्याला लागला नाय रे. ती खालीच व्हती." बायका हळहळल्या. पुण्यवान म्हणाल्या. मी बाहेर अंगणात जाऊन त्या दारातल्या फरशीवर बसलो. अंगणातही ती डुगडुगते.

बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी बायकांनी तू गेलीस त्या जागी दिवा लावला, शेजारी कोब्यावरच तांदळाचं पीठ पातळ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस येऊन जातं, पिठावर खूण उमटते, असं म्हणतात. कोणाला पाऊल दिसतं, कोणाला पाखराची नखं. मी लहानपणी बाबांच्या वेळी तुझ्या मांडीवर बसून बघितलं होतं. मला काहीच दिसलं नव्हतं, आणि तू माझं बोट धरून पिठावर फिरवून सांगितलं होतंस, "यो बघ अंगठा. ही टाच. तुझा बाप हाय. तुना बघून जेला." मी मान डोलावली होती. त्या रात्री मला झोप लागली होती.

सकाळी काकीने टोपली उचलली. पीठ काही ठिकाणी पांढरं सुकं होतं. मधे दोन जागी ओलं होऊन गोळा झालं होतं. दोन लांबट डाग, एक जरा पुढे, एक मागे.

"आली गो!" काकी ओरडली. "आली माझी हिरा! बघा, पाय ओले हायेत. आगरातनं उठून आली!" बायकांनी हात जोडले. एकीने तोंडात पदर धरला. काकीची सून खाली वाकून दिवा मोठा करायला लागली.

मी त्या डागांकडे बघितलं, आणि मला माहीत होतं. तिथे कोब्याचा जोड आहे. पहिल्या दिवशी आम्ही तिथपर्यंत घातला आणि संध्याकाळ झाली म्हणून थांबलो, उरलेला दुसऱ्या दिवशी. जोडातून ओल आधी वर येते. खालची आगराची माती, तिचं मीठ. त्या दोन डागांत एवढंच होतं. तू नव्हतीस. आत्या, मला फार वाटत होतं की तू असावीस. मी डोळे बारीक करून बघितलं, मान तिरकी करून बघितलं. टाच दिसली नाही, अंगठा दिसला नाही. तू असतीस तर माझं बोट धरून दाखवलं असतंस.

काकीने माझा दंड धरला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"दिन्या, तू जमिनीच्या कामाचा मानूस. तू सांग. तिचेच हायेत ना पाय?"

काकी पंचाहत्तरीची. चाळीस वर्षं तुझ्यासोबत वाफे तुडवलेली. शेवटच्या रात्री तुझं डोकं तिच्या मांडीवर होतं. माझ्या मांडीवर असायला हवं होतं ते.

"व्हय काकी," मी म्हटलं. "तिचेच."

तिने डोळे पुसले आणि पीठ गोळा करायला वाकली, खाडीत सोडायला. एवढंच लागलं, आत्या. दोन शब्द. त्या दिवशी फोनवर तू सुका हाय म्हणालीस, तेव्हाही मला दोनच शब्द बोलायचे होते. बरं, येतो.